न मागता आलेली हाक

त्या दिवसाचा पेपर मी लॅमिनेशन करून ठेवलाय. आतल्या पानावर चार कॉलमची बातमी: ‘काबुकीने रसिक मंत्रमुग्ध’. खाली प्रतिष्ठानच्या अध्यक्षांचा फोटो, हातात हिमरू शाल. आणि शेवटी तीन वाक्यं: ‘एका ग्रामीण प्रेक्षकाने मध्येच आरडाओरडा केल्याने रसभंग झाला. सुरक्षारक्षकांनी त्याला बाहेर काढले. पाहुण्या कलावंताने मोठ्या मनाने क्षमा केली.’

तो ग्रामीण प्रेक्षक म्हणजे माझे सख्खे काका, कडुबा. आणि क्षमा-बिमा कुणी कुणाला केली नाय. माफी मागायचीच होती तर त्या अख्ख्या हॉलनं माझ्या काकांची मागायला पायजे होती. पेपरवाल्याला फोन केला तर म्हणतो, प्रेसनोट आली तशी छापली. म्हटलं, ठीक आहे, आता मीच सांगतो. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं.

मी बद्रीनाथ. गाव फुलंब्रीजवळ, राहायला पुंडलिकनगर, धंदा जपानी भाषेच्या गाइडचा. बावीस वर्षं अजिंठ्याच्या पायऱ्या चढतोय. एकेकाळी जपानी पाहुण्यांच्या बसच्या बस यायच्या, आता महिन्याकाठी दोन-चार माणसं येतात. तरी शहरात जपानी बोलणारा माणूस लागला की लोक मलाच हुडकतात. राजकुमार सरांनी पण हुडकलं.

हे राजकुमार सर म्हणजे एका सांस्कृतिक प्रतिष्ठानचे अध्यक्ष. प्रतिष्ठानचं नाव घेऊन तोंड विटाळत नाय. सर दोन वर्षांपूर्वी आठ दिवस जपान बघून आले आणि तेव्हापासून शहराला शिस्त लावायला निघाले. तिकडं ट्रेनमधे कुणी फोनवर बोलत नाय, तिकडं रस्त्यावर कागद दिसत नाय, हे त्यांचं रोजचं पुराण. आता त्यांना आपल्या शहरात काबुकी करून दाखवायचं होतं. काबुकी म्हणजे तिकडचं चारशे वर्षांचं जुनं नाटक. चेहऱ्याला पांढरा रंग, भरजरी कपडे, आणि सगळी कामं पुरुषांची, बायांची सोंगंसुद्धा पुरुषच घेतात. सरांनी तिकडं पत्रावर पत्रं लिहिली. मोठ्या नावांपैकी कुणी उत्तर दिलं नाय. एक निवृत्त झालेला नट मात्र स्वतःहून येतो म्हणाला, कारण त्याला मरायच्या आधी अजिंठ्याची चित्रं बघायची होती.

त्यांचं नाव हिसानोसुके. वय अडुसष्ट, अंगानं काटकुळे, डोक्याचा चकोट, उजव्या गुडघ्याला पट्टा. सोबत त्यांचे जुने सोबती ओनोसान, जे रंगमंचाच्या कोपऱ्यात बसून लाकडाचे दोन ठोकळे फळीवर आपटतात. ओनोसान तसे बोलायला तयारच नसत. जे काय बोलायचं ते ठोकळ्यांनी.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी दोघांना घेऊन मी अजिंठ्याला गेलो. गुडघा बघून मी डोली सुचवली. चार माणसं खुर्ची खांद्यावर घेतात, पाहुणा आरामात वर जातो. हिसानोसुकेसाननी हात जोडले. म्हणाले, मी अकरा वर्षं घोड्याचे मागचे पाय होतो, मी कुणाच्या खांद्यावर बसणार नाय. मला वाटलं माझंच जपानी कच्चं पडलं. पुन्हा विचारलं. तर खरंच मागचे पाय. नाटकात घोडा लागला की सांगाड्यात दोन माणसं शिरतात, एक पुढं, एक मागं, आणि वर नायक बसतो. मागच्याला फक्त पुढच्याची कंबर दिसते. अकरा वर्षांनी त्यांना बढती मिळाली आणि ते पुढचे पाय झाले.

पायरी पायरीवर थांबत त्यांनी सगळं सांगितलं. बाप लहानपणीच गेला. आई बाजारात टोफू विकायची, म्हणजे सोयाबीनचं पनीर, ते गार पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. थंडीत दिवसभर तिचे हात त्या पाण्यात. सोळाव्या वर्षी हे एका मोठ्या नटाच्या घरी शिष्य म्हणून गेले. चपला लावल्या, डबे वाहिले, अंग रगडलं. मग घोडा. मग लढाईच्या देखाव्यात नायकाचा हात लागला की कोलांटी मारून पडायचं, गुडघा त्यातच गेला. मग काळे कपडे घालून, तोंडावर काळा पडदा घेऊन नायकाच्या मागं बसायचं आणि त्याच्या हातात तलवार द्यायची, पंखा द्यायचा. काळे कपडे घातले की तो माणूस तिथं नाहीच, असं प्रेक्षकांनी समजायचं असतं. पुढं पुढं म्हाताऱ्या बायांची लहान कामं मिळाली. बावन्न वर्षं झाली आणि निवृत्ती.

मोठं काम का नाय मिळालं? तर घराण्यात जन्म नाय. तिथं नाव बापाकडून लेकाला जातं आणि नावाबरोबर भूमिका जातात. उस्तादाचं पोरगं ह्यांनी कडेवर खेळवलं, आणि ते अठरा वर्षांचं झाल्यावर त्याच्याच पायाशी बसून त्याला तलवार दिली. हे सगळं ते हसत सांगत होते. मला हसू येईना. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आपल्याकडं आमदाराचं पोरगं आमदार होतं तेव्हा निदान आपण चहाच्या टपरीवर शिव्या तरी घालतो. तुम्ही बावन्न वर्षांत कुणाला एक शिवी घातली नाय? ते म्हणाले, वेळ नव्हता, रोज दोन प्रयोग असत.

मग नवव्या लेण्यापाशी दम घेत बसल्यावर ते एका गोष्टीबद्दल बोलले, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं हसू थांबलं. तिकडं खेळ रंगला की मागच्या रांगेतून कुणीतरी जाणकार उठून नटाच्या घराण्याचं नाव घेऊन हाक मारतो. आपल्यासारख्या शिट्ट्या नाय, टाळ्या नाय. एकच शब्द. नट श्वास रोखून थांबतो, त्या अर्ध्या श्वासात ती हाक पडली पायजे. जरा आधी पडली तर खेळ मोडतो, जरा उशिरा पडली तर सगळं वाया. ह्यांच्या उस्तादाच्या घराण्याचं नाव हिसागोया, शिष्यालाही तेच लागतं. अर्थ म्हणाल तर तुंब्याचं घर, आपला पाण्याचा तुंबा असतो तो. बावन्न वर्षं हा शब्द त्यांच्या कानावर रोज पडला, पण तो उस्तादासाठी, नाहीतर उस्तादाच्या पोरासाठी. हे मागं काळ्या कपड्यात बसलेले.

मी म्हटलं, मग एखाद्या दोस्ताला सांगून मारून घ्यायची एक हाक. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काय घाण बोललो. म्हणाले, “बद्रीसान, मागितलेली हाक म्हणजे हाक नव्हे. तिच्यापेक्षा काहीच नको.”

तिथून निघालो तो माझ्या डोक्यात एकच किडा. ह्या माणसाचा हा शेवटचा खेळ, आपल्या शहरात. इथं पण जर हाक पडली नाय, तर हा तसाच परत जाणार. त्यांनी मागायची नाय ना, मग मी बघतो, त्यांना कळायचंच नाय. माझा स्वभावच तसा आहे. बायको म्हणते, दुसऱ्याच्या लग्नात नाचायची हौस.

परतीच्या वाटेवर गावात काकांकडं चहाला थांबलो. काका एकाहत्तर वर्षांचे. तीस वर्षं गावच्या भारुडात त्यांनी बाईचं सोंग घेतलं. त्यापायी त्यांचं लग्न लवकर जमलं नाय, पंचक्रोशीत लोक त्यांना ‘कडूबाई’ म्हणायचे, आणि सोंग संपल्यावर तेच लोक ओटीत नारळ टाकून पाया पडायचे. पाहुणा कोण, काय, हे मी सांगितलं. काकांनी पाहुण्याला नीट खालवर बघितलं आणि विचारलं, गुडघ्यात काय धरून शिकला?

मी भाषांतर केलं. हिसानोसुकेसान चमकले. म्हणाले, कागद. दोन गुडघ्यांत कागद धरून चालायचं, कागद पडला की उस्ताद पंख्यानं मारायचा. काका म्हणाले, आम्हाला पळसाचं पान द्यायचे, आणि पान पडलं की वहाण. मग काय विचारता, दोघं म्हातारे अंगणात उतरले. काकांनी उपरण्याचा पदर घेतला, पाहुण्यानं टॉवेल घेतला, आणि घटकाभर दोघं एकमेकांना बाई कशी वळते, बाई कशी बसते, बाई रागावल्यावर मान कुठं वळवते, हे दाखवत राहिले. मला भाषांतराला कामच उरलं नाय. ओनोसान पहिल्यांदा हसले, आणि शेजारच्या गोजरबाई कुंपणावरून बघत म्हणाल्या, कडुबाला जोडीदारीण घावली.

मी तिथंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी काकांना पुंडलिकनगरला आणलं आणि गच्चीवर नेऊन सगळं समजावलं. नाव पाठ करून घेतलं. जागा पण सांगितली: नाटकातली म्हातारी मान गरकन फिरवते, डोळे वटारून थांबते, आणि ओनोसानचे ठोकळे कडाडतात. तिथं हाक मारायची. काकांनी दोन दिवस गच्चीवर ‘हिसागोया’ म्हणून तालीम केली. खालच्या मजल्यावरच्या तनुजाताई विचारायला आल्या की कोण हरवलंय. काकांनी फक्त एक शंका काढली. म्हणाले, “सांगून मारलेली हाक त्याला कळंल का नाय रं?” मी म्हटलं, कशी कळंल. काका गप्प बसले. ते गप्प का बसले हे मला तेव्हा समजायला पायजे होतं.

इकडं राजकुमार सरांची तयारी चालली होती. चौकात बॅनर लागलं, ‘काबुकी सम्राट’. हिसानोसुकेसाननी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, स्वागत लिहिलंय. ज्यानं अकरा वर्षं घोड्याचे मागचे पाय केले त्याला सम्राट वाचून कसं दाखवायचं? त्यांनी सरांना एकच गोष्ट मागितली होती. प्रेक्षकांच्या मधून जायला वाट द्या, आमच्याकडं नट शेवटी लोकांमधून बाहेर जातो. सर म्हणाले, मधे व्हीआयपी सोफे आहेत, जमणार नाय, विंगेतून जा. आणि मग सरांनी सूचनांची यादी वाचली. मोबाइल बाहेर. खोकला आला तर बाहेर. टाळ्या फक्त शेवटी. एक शब्द कुणी बोलायचा नाय, जपानी माणसाला शांतता लागते.

मी म्हटलं, सर, ह्या नाटकात लोक हाका मारतात, तीच रीत आहे. सर हसले. बाकीचे पण हसले, सरांचं बघून. म्हणाले, बद्रीनाथ, तुम्ही गाइड आहात, लेणी दाखवा, मला जपान शिकवू नका, मी आठ दिवस राहून आलोय. मी बावीस वर्षं ही भाषा बोलतोय आणि हा बाबा आठ दिवस हॉटेलात राहून आलाय. तरी मी गप्प बसलो. पुढच्या कामांचा विचार केला, खोटं कशाला बोलू.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला, जालना रोडवरच्या एका नव्या सभागृहात. काका धुतलेलं धोतर, टोपी, नव्या वहाणा घालून आले. पास शेवटच्या रांगेचा होता, मुद्दामच घेतलेला. तरी दारावरच्या गार्डनं पास उलटसुलट करून तीनदा बघितला. पुढं सोफ्यावर बसलेल्या एकाचाही पास कुणी बघितला नाय. मी स्टेजच्या बाजूला माइक घेऊन खुर्चीवर बसलो. आधी कथा मराठीत सांगायची, शेवटी सत्काराचं भाषांतर करायचं, एवढं माझं काम.

कथा साधी होती, स्टेजवर एकटी म्हातारी, बाकी सगळं आपण समजायचं. नदीकाठी एक म्हातारी राहते. तिचा लेक लढाईवर गेलाय आणि रोज ती त्याच्यासाठी पाण्याची बादली भरून दाराशी ठेवते. एक दिवस तिला वाटेत शिपाई दिसतात, आणि लेकाला नेणारे तेच असं वाटून ती त्यांच्या अंगावर धावून जाते. शिपाई निघून जातात. ती परत घरी येते, बादली दाराशी ठेवते. बस.

पडदा उघडला आणि मी हिसानोसुकेसानना ओळखलं नाय. अडुसष्ट वर्षांचा काटकुळा बाप्या गेला कुठं? समोर एक म्हातारी उभी होती, पाठीत वाकलेली, रिकामी बादली अशी धरलेली की तिच्यातलं पाणी मला दिसत होतं. हॉलमधे चिडीचूप. ती शांतता चांगली नव्हती, शाळा तपासायला साहेब आल्यावर असते तशी होती. एका बाईचं बाळ कुरकुरलं तर तिला उठवून बाहेर पाठवलं. हिसानोसुकेसान त्या शांततेत एकटे नाचत होते.

मग ती जागा आली. म्हातारी धावली, मान गरकन फिरली, डोळे वटारले, ओनोसानचे ठोकळे कडाडले. मी श्वास रोखून मागं बघितलं. काका बसलेले. काहीच नाय. अर्धा श्वास गेला, पूर्ण गेला, दोन गेले. ठोकळे थांबले. मी मनातल्या मनात काकांना शिव्या घातल्या. दोन दिवस गच्चीवर बोंबललास आणि इथं दातखीळ बसली. गेली संधी, आता काय हाक पडत नाय.

म्हातारी परत निघाली. संथ, पाय ओढत. आता ह्यात काहीच नव्हतं, ठोकळे नाय, वटारणं नाय. पुढचे सोफेवाले घड्याळं बघायला लागले होते. तिनं बादली दाराशी ठेवली. ओला हात कमरेला पुसला. मग समोर, जिथं कुणीच नव्हतं तिथं, लेकाच्या उंचीवर हात नेला, आणि तळवा नाय, हाताची उलटी बाजू हळूच पुढं केली, गालाला लावावी तशी. आणि थांबली.

“हिसागोया!”

माझ्या अंगावर काटा आला. गच्चीवर काकांनी एकदाही अशी हाक मारली नव्हती. खड्या आवाजाची, पोटातून आलेली, भारुडात रात्री तीन वेशी ओलांडून जायची तशी. आणि पडली ती नेमकी त्या अर्ध्या श्वासात. त्याच्या आधी नाय, नंतर नाय. मी हिसानोसुकेसानकडं बघितलं. पांढऱ्या रंगाखाली गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. हात तसाच हवेत.

आणि मागं धावपळ. दोन गार्डनी काकांना बखोटीला धरून उभं केलं. राजकुमार सर सोफ्यावरून उठून हातवारे करत होते, काढा त्याला, काढा. लोक माना वळवून तुच्छतेनं बघत होते. कुणीतरी म्हणालं, पिऊन आलाय. माझे काका माळकरी आहेत हो, सुपारीसुद्धा खात नाय. त्यांनी झटापट केली नाय. तोंड स्टेजकडं ठेवून उलटे चालत गेले, दारापर्यंत नजर त्या हातावरच. एक वहाण शेवटच्या रांगेपाशी वाटेतच राहिली. आणि मी? मी माइक धरून बसून राहिलो. हे लपवणार नाय. माझ्या बापाच्या सख्ख्या भावाला धरून बाहेर नेलं आणि मी, हाक मारायला आणणारा मी, खुर्चीवरून हललो नाय. हिसानोसुकेसाननी खेळ पुरा केला. नट काय करणार, पडदा पडेपर्यंत तो म्हातारी होता.

पडदा पुन्हा उघडला सत्कारासाठी. हिसानोसुकेसान रंग आणि कपडे तसेच ठेवून गुडघे मोडून बसलेले. सरांनी हिमरू शाल हातात घेतली, फोटो झाले, आणि माइक घेऊन ते सुरू झाले. मोठं दुःख व्यक्त केलं. आपल्या शहरात अजून असे अडाणी लोक आहेत ज्यांना कलेची तमीज नाही, एका गावंढळ माणसानं आपली बेइज्जती केली, सगळ्या संभाजीनगरकरांच्या वतीनं मी माफी मागतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडं वळून म्हणाले, “सांगा त्यांना. शब्दन् शब्द सांगा.”

मी उभा राहिलो. हिसानोसुकेसान माझ्याकडं बघत होते. बावन्न वर्षांत पडलेली एकच हाक, आणि मी तिच्यासाठी माफी मागायची. बरं, माफी नाय मागितली आणि म्हटलं की तो माझाच काका, मीच आणला, तर ती मागितलेली हाक ठरते. तिच्यापेक्षा काहीच नको, असं ते मला म्हणाले होते. पुढं आड, मागं विहीर.

आणि मग डोक्यात उजेड पडला. काका चुकले नव्हते. मी सांगितलेल्या जागी काकांनी मुद्दामच तोंड उघडलं नव्हतं.

मी आधी मराठीत बोललो. म्हटलं, सर, हे मी सांगणार नाय. ज्याला तुम्ही गावंढळ म्हणता त्या माणसाला ह्या हॉलमधे काबुकी कळलं, एकट्यालाच कळलं, आणि तुम्ही त्याला बाहेर घातलं. तो माझा काका आहे. सरांनी माइक बंद करायचा हुकूम सोडला. माइक बंद झाला, माझं तोंड थोडंच बंद होणार. मी हिसानोसुकेसानसमोर बसलो आणि जपानीत सगळं कबूल केलं. मी काकांना आणलं. मी नाव शिकवलं. ठोकळे कडाडतील तिथं हाक मार असं मी सांगितलं. तिथं त्यांनी मारली नाय. जिथं मारली ती जागा मी सांगितली नव्हती. ती मला माहीतच नव्हती.

ते ऐकत राहिले. मग विचारलं, “ते कुठं आहेत?”

मी दाराकडं बोट दाखवलं. हिसानोसुकेसान उठले. गुडघा दुखत असणार, पण उठताना बाईच उठली. सरांना वाकून नमस्कार केला, शाल तिथंच ठेवली, पायऱ्या उतरले आणि सोफ्यांच्या मधून चालू लागले. ज्या वाटेला सर जमणार नाय म्हणाले होते त्याच वाटेनं. व्हीआयपींना पाय आखडून घ्यावे लागले. वाटेत त्यांनी वाकून काकांची वहाण उचलली आणि दोन्ही हातांत धरली.

काका पार्किंगमधे गार्डच्या केबिनबाहेर कठड्यावर बसले होते. टोपी मांडीवर, एक पाय अनवाणी. आम्हाला बघून उभे राहिले. धरून काढल्याचं, दंड दुखल्याचं एक अक्षर बोलले नाय. चेहरा पडलेला. मला बाजूला ओढून हळूच विचारलं, “बद्री, येळ चुकली का रं माझी?”

मला रडूच फुटलं. भर दुपारी, ड्रायव्हर लोकांसमोर. म्हटलं, नाय काका, येळ नाय चुकली. पण सांगितलं तिथं का नाय मारली?

काका पाहुण्याकडं बघून बोलले, मी सांगत गेलो. “तिथं लई झकास केलं त्यानं. पण ते शिकलेलं व्हतं. शिकवणाऱ्याला हाक गेली असती. मग त्यानं हात उलटा केला. पाण्यात राबलेल्या बाईचा तळवा खरखरीत अन् गार पडतो, लेकराच्या गालाला लागू नये म्हणून ती उलट्या हातानं चाचपती. माझी माय तसंच करायची. ते कुणी शिकवत नाय. ते त्याचं सोताचं व्हतं, म्हणून हाक निघाली. मी मारली नाय, निघाली.”

हिसानोसुकेसानच्या पांढऱ्या रंगावर डोळ्यांखाली दोन ओघळ उतरले होते. मग सांगितलं. वीस वर्षांपूर्वी, म्हातारीचं पहिलं काम मिळालं तेव्हा, त्यांनी हा हात एकदा केला होता. टोफू विकणाऱ्या आईचा. उस्तादानं विंगेत नेऊन सगळ्यांसमोर झापलं. हे आपल्या घराण्यात नाही, हे कुठून आणलंस, पुन्हा दिसलं तर काळे कपडे. त्यानंतर कधी केला नाय. आज केला, कारण ह्या गावात हा खेळ कुणाला माहीत नाय, कुणाला चूक कळणार नाय, असं त्यांना वाटलं होतं.

मी हे काकांना सांगितलं. काकांनी मान हलवली. उस्तादाला काय शिवी दिली ती लिहीत नाय, पण भाषांतर मी केलं, शब्दन् शब्द. ओनोसान मागून आले होते, ते दुसऱ्यांदा हसले.

मग हिसानोसुकेसान त्या तापलेल्या पार्किंगमधे गुडघ्यावर बसले, पट्टा बांधलेल्या गुडघ्यावर, आणि वहाण काकांच्या पायापाशी सरळ लावून ठेवली. सोळाव्या वर्षी उस्तादाच्या घरी लावायचे तशी. काका घाबरून मागं सरले, म्हणाले, अवो, नका, पाप लागंल मला. त्यांना उठवायला वाकले आणि धसकल्यासारखं मला म्हणाले, त्याची हाक त्या लोकांनी नासवली, इच्यार त्याला, पुन्यांदा मारू का, इथंच, कुणी नाय धरायला.

मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि एकच शब्द बोलले. तोदोकिमाशिता.

“काय म्हणतो?” काकांनी विचारलं.

“नको म्हणतात,” मी सांगितलं. “पोचली.”